अठराव्या नंबरची हजेरी

हजेरीपट या वस्तूशी माझं वाकडं आहे. नायगावच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीत मी बालवाडी चालवायची तेव्हा माझ्याकडे सत्तावीस पोरं होती, आणि मी कधी एकाचंही नाव पुकारून हजेरी घेतली नाही. घेणार कशी? संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते. रस्त्यावर सकाळी मोर्चा, संध्याकाळी सभा, मधल्या वेळेत कर्ण्यावर कुणीतरी ओरडतंय. रोज लालबागहून चालत यायचं आणि वर घसा फोडायचा? मी एक युक्ती काढली. पोरं ओळीनं बसली की मी फिरायची आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायची. हात पडला की पोर हजर. पोरांनाही ते आवडायचं. पाळी जवळ आली की माना आपोआप खाली जायच्या. त्या युक्तीचं मला भारी कौतुक होतं, आणि तेच मेलं पुढे नडलं.

त्या सत्तावीस जणांत एका मुलीला ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांची असताना जोराचा ताप आला, आणि ताप उतरल्यावर कळलं की कान गेले. चाळीतल्या बायका तिला मुकी म्हणायच्या. एकीला मी नळावर सगळ्यांसमोर सुनावलं, "मुकी नाही ती. तुमच्यापेक्षा कमी बोलते एवढंच, आणि तिचं भलंच आहे त्यात!" तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि माझं तोंड फार फटकळ होतं. आता वय झालंय. तोंड तेच आहे.

तिचे वडील मिलमध्ये साचेखात्यात होते. माग चालतात ते खातं. तिथे आवाज इतका, की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला पत्ता लागत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनीच बोलतात. हा माणूस खात्यातली तीच बोली घरी घेऊन आला आणि लेकीशी बोलायला लागला. पाणी हवं, इकडे ये, थांब, धागा तुटला, सगळ्याला खुणा. मला त्यातली एक फार आवडायची. छातीसमोर तळहात दोनदा पुढेमागे करायचा आणि मग बोटं बाहेर झटकायची. म्हणजे, साचा नीट चालू आहे, तू जा. पाळी बदलताना कामगार एकमेकांना तसं सांगायचे. मुलगी घरी जेवायला बसली आणि आई फार मागे लागली की हीच खूण करायची. चालू आहे, तू जा.

तिची आईही मिलमध्येच होती, सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात; भरलेल्या कांड्या ती बोटांच्या पेरांवर मोजायची. त्या घरातला देव्हारा नुकताच निघाला होता आणि त्या जागी बुद्धाची तसबीर आली होती. मुलीला सहावं लागलं तेव्हा त्या तसबिरीखाली मला बसवून वडिलांनी चहा दिला आणि म्हणाले, "बाई, ही शिकली पाहिजे. या घरात आता अडाणी कुणी राहायचं नाही. कान नसले म्हणून काय झालं?"

बहिऱ्या मुलांची शाळा होती, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आईबाप दोघं पाळीवर जाणारे, मग तिला नेणार-आणणार कोण? जवळ भोईवाड्याच्या अंगाला म्युनिसिपाल्टीची शाळा होती. तिथल्या मोठ्या गुरुजींपुढे मी मुलीला उभं केलं. त्यांनी तिला पाटीवर आकडे काढायला लावले. तिनं वीसपर्यंत काढले, एकही न चुकता.

"घेतो," ते म्हणाले. "पण सहामाहीपर्यंत बघू. नाही जमलं तर नाव काढीन. मग भांडायला येऊ नका."

"मी कशाला भांडेन?" मी म्हटलं. त्यांना माझी ओळख नव्हती अजून.

पहिल्या दिवशी मी तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडलं, दप्तर सारखं केलं आणि परत फिरले. माझं काम झालं असं मला वाटलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

महिनाभरानं एका दुपारी तिचे वडील बालवाडीच्या दारात येऊन उभे राहिले. हातात चिठ्ठी होती. चेहरा उतरलेला.

"बाई, मी दोनदा वाचलं," ते म्हणाले. "यात लिहिलंय, पोरगी शाळेत येतच नाही. महिनाभर गैरहजर. नाव पटावरून कमी करणार. अहो, रोज दप्तर घेऊन जाते ती! मग जाते कुठं? काल मी तिला मारलं हो. पहिल्यांदा हात उचलला. ती नुसती बघत राहिली माझ्याकडं."

मी पोरं शेजारणीच्या हवाली केली आणि पदर खोचून शाळेकडे निघाले. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं तोंडपाठ केलं होतं. जिना चढले, पहिलीच्या वर्गाच्या खिडकीशी आले, तर दुपारची हजेरी चालली होती. वर्गावरचे गुरुजी वयस्क, गुडघ्यांनी अधू, खुर्चीत बसलेले. पन्नासाहून जास्त पोरं. डोळे पटात, टाक हातात, नावामागून नाव. "हजर", "हजर", "हजर". एक खूण, पुढचं नाव. मान वर नाहीच.

ती मुलगी दुसऱ्या ओळीत बसली होती. सतरा नंबरची मुलगी "हजर" म्हणून खाली बसली. मग अठरावं नाव, तिचं, पुकारलं गेलं. उत्तर नाही. गुरुजींनी गैरहजेरीची खूण केली आणि पुढे गेले.

आणि ती? ती मान खाली घालून बसली होती. हजेरी सुरू झाल्यापासून ते संपेपर्यंत. डोक्यावर हात पडायची वाट बघत.

पाठ केलेलं सगळं राहूनच गेलं. राग गुरुजींवरून निघाला आणि माझ्याच अंगावर आला. ही सवय तिला लावली कोणी? मीच ना! महिनाभर रोज दोनदा ती हाताची वाट बघत बसली असेल, हात आला नाही, आणि वर बापाचा मार खाल्ला. मी खिडकीचे गज धरून रडले, लाज न बाळगता.

गुरुजी तसे वाईट नव्हते. मी तिच्याकडे बोट दाखवलं तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ही? ही होय ती! अहो, नाव विचारलं तर सांगत नाही. मला वाटलं, शेजारच्या वर्गातली इथे येऊन बसते." मोठ्या गुरुजींनी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही जरा उठून तिच्या डोक्यावर हात ठेवाल का?" मी विचारलं.

"बाई, हे गुडघे बघितलेत का? आणि आज मी ठेवीन, पुढच्या वर्षी दुसरे येतील. ते ठेवतील?"

मी पदर पुन्हा खोचला आणि मोठ्या गुरुजींकडे गेले.

मोठ्या गुरुजींनी पट दुरुस्त केला, पण अट घातली. सहामाही झाली की तपासणीचे साहेब येतात. पट समोर ठेवून पोरं ताडून बघतात. नाव पुकारल्यावर पोर उभं राहिलं नाही तर खोटी नावं भरल्याचा ठपका येतो. "त्या दिवशी ती आपल्या नावाला उभी राहिली तर शाळेत राहील. नाही राहिली तर मी ठेवू शकत नाही, बाई. माझीही नोकरी आहे."

हातात अडीच-तीन महिने होते. मी दुसऱ्या दिवसापासून बालवाडीत नावं पुकारायला सुरुवात केली. डोक्यावर हातही ठेवायचा आणि नावही घ्यायचं. बाहेर मोर्चा असला तर मोर्च्याच्या वर आवाज काढायचा. आणि रोज शाळा सुटल्यावर त्या मुलीला घेऊन बसायची.

मार्ग सोपा वाटला. सतरा नंबरची मुलगी तिच्या शेजारीच बसायची, दोन वेण्या, लाल फिती. ती उभी राहून परत खाली बसली की लगेच तू उठायचं, एवढंच. हे ती दोन दिवसांत शिकली. प्रश्न होता "हजर"चा. तिच्या तोंडून आवाज यायचा, शब्द नाही. उभी राहिली तरी गुरुजींचे डोळे पटात, मग कळणार कसं?

ते तिनंच सोडवलं. चाळीतली पोरं तेव्हा सारखी मोर्चा-मोर्चा खेळायची. एकानं आरोळी द्यायची आणि बाकीच्यांनी मुठी वर करून ओरडायचं, "झालाच पाहिजे!" तो खेळ तिचा जीव की प्राण होता. गर्दीतली सगळी माणसं एकदम काय म्हणतायत ते तिला फक्त तिथेच कळायचं. तर एक दिवस मी सतरा नंबर झाले, उठले, बसले, आणि ही ताडकन उभी राहिली, मूठ आभाळात घातली आणि छातीतून मोठ्ठा "आऽ" काढला. मी हसून हसून लोळले.

गुरुजी मात्र घाबरले. "बाई, आवाज चालेल, पण मूठ नको हो! साहेब कुठल्या बाजूचे असतील कुणास ठाऊक." आम्ही मुठीची बोटं उघडायला शिकवलं, तळहात दाखव म्हटलं. उघडायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मूठ. शेवटी गुरुजींनी हात टेकले. पण वर्गात रोज हजेरी लागायला लागली, सकाळ-दुपार. पुढे पुढे मी रोज जायचंही सोडलं.

तपासणीच्या दिवशी तिचे वडील पाळी बदलून आले. आम्ही दोघं व्हरांड्यात खिडकीशी उभे राहिलो. मी आत नजर टाकली. सतरा नंबरची जागा रिकामी होती. दुसऱ्या एका मुलीला विचारलं तर म्हणाली, तिला कांजण्या आल्यात.

"आता?" वडिलांनी विचारलं.

आता कपाळ! सतरा नंबर नाही म्हणजे उठणारं कुणी नाही, बसणारं कुणी नाही. मुलीला कळणार कसं? साहेब येऊन गुरुजींच्या शेजारी बसलेच होते. मी खिडकीतून हातवारे करायला लागले. बघ माझ्याकडे, मी सांगते कधी उठायचं ते! हात हलवला, पदर हलवला. शेजारची चार पोरं माझ्याकडे बघून फिदीफिदी हसली. ती बघेना. वडिलांनीही खात्यातल्या खुणा करून बघितल्या. नाहीच. मान आता खाली नव्हती, पण नजर समोर रोखलेली, आमच्याकडे काही केल्या वळेना.

पंधरा. सोळा. सतराव्या नावाला उत्तर आलं नाही. गुरुजी थांबले, त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग पटात खूण केली. वडिलांनी डोळे मिटले. गुरुजींनी अठरावं नाव घेतलं.

ती उभी राहिली. मूठ वर. "आऽ!"

साहेबांनी दचकून मान वर केली. "हे काय?"

"साहेब, तिला ऐकू येत नाही," गुरुजी चाचरत म्हणाले. "ती... ती असं हजर म्हणते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, पटातल्या नावावर बोट ठेवलं, आणि म्हणाले, "बरं. पुढे."

ती खाली बसली तेव्हा माझं लक्ष तिच्या डाव्या हाताकडे गेलं. अंगठा बोटांच्या पेरावर टेकलेला होता. मग मला उमगलं. तिची आई कांड्या मोजते तशी ती पेरं मोजत होती, आणि नजर होती गुरुजींच्या टाकावर. पोर असो नसो, टाक प्रत्येक नावाला एकदा खाली येतोच. सतरा वेळा खाली आला की आपण उठायचं. लाल फितींकडे ती बघतच नव्हती, कोण जाणे किती दिवसांपासून. मी शिकवलेलं तिनं कधीच बाजूला ठेवलं होतं, आणि मी वेडी खिडकीत पदर हलवत होते.

मग तिची नजर आमच्याकडे वळली. माझे हात अजून वरच होते. तिनं एकदा साहेबांकडे पाहिलं, मग मांडीआडून, कुणाला दिसणार नाही असा तळहात दोनदा पुढेमागे केला आणि बोटं माझ्याकडे झटकली.

"बाई," वडील हळूच म्हणाले, "ती म्हणतेय—"

"कळलं मला," मी खेकसले.

आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू, आणि वाईटही वाटलं होतं. दोन वर्षं रोज त्या डोक्यावर हात ठेवला होता मी. डोळे पुसले आणि जिन्याकडे वळले. खिडकीशी तिचे वडील तेवढे उभे होते, हात छातीशी धरून, तीच खूण लेकीला परत करत.