सिस्टिमबाईंची रांग

इस्पितळात तिला सगळे सिस्टिमबाई म्हणत. नोंदणीच्या खिडकीपासून औषधांच्या कोठारापर्यंतचे सगळे कॉम्प्युटर ज्या एका मोठ्या मशीनवर चालत, ते तिच्या ताब्यात होतं. अडलं की सगळ्यांच्या तोंडी तिचंच नाव; सुरळीत चाललं की तिची आठवणही कुणाला नाही. जगाची रीतच ती.

नव्या नर्सला ती हौसेने समजावून सांगे, "अगं, मशीन एकच आणि कामं ढीगभर. मग ऑपरेटिंग सिस्टिम काय करते? तू बटण दाबून पडद्याकडे बघत बसलीस ना, की तुझं काम आधी. ते असतं चिमूटभर, लगेच उरकतं. तासन्‌तास आकडेमोड करणारी कामं मागे सरतात. उरल्यासुरल्या वेळात होतात बिचारी."

घरीही तिचं हेच चाले. फोन वाजला, फोन आधी. दार वाजलं, दार आधी. बाबा मात्र मागे. एकेकाळी ते तिकीट खिडकीवर बसत आणि "पुढे बोला!" म्हणत रांगच्या रांग पळवत. पक्षाघाताच्या झटक्यानंतर एकेक शब्द यायला वेळ लागू लागला. "तुझं..." म्हणून ते अडखळले, की ही घाईघाईने वाक्य पुरं करून मोकळी. "माझं जेवण? झालं, बाबा." "माझं पाकीट? घेतलं." बाबा मान खाली घालत. हिला वाटे, मिटलं.

एका दुपारी तिला कळलं, की जुन्या रुग्णांच्या नोंदी जुळवण्याचं मोठं काम आठवडाभर तसूभरही हललेलं नाही. खिडकीवरची गर्दी हटेना आणि त्याची पाळी येईना. चूक तिचीच होती. काम जितकं ताटकळेल तितका त्याचा नंबर वर सरकायला हवा. रांगेचे नियम लिहिताना नेमकं तेवढंच राहून गेलं होतं. तिने नियम घातला. काम हललं, आणि हिला बाबांचं ते अर्धवट राहणारं "तुझं..." आठवलं. बाबांना काहीतरी सांगायचं होतं, आणि आपण ते एकदाही ऐकून घेतलं नव्हतं.

संध्याकाळी घरी येताच तिने फोन बंद करून कपाटात टाकला आणि ती बाबांसमोर बसली.

"तुझं..." बाबा म्हणाले.

जिभेवर आलेलं उत्तर तिने गिळलं. तेवढ्यात दार वाजलं. वाजू दे.

"पुढे बोला, बाबा."

बाबांना हसू आलं. मग ओठांची जुळवाजुळव करण्यात बराच वेळ गेला. दारावरचा माणूस कंटाळून निघूनही गेला.

"तुझं... कसं... चाललंय... बाळा?"

इतके दिवस एवढंच विचारायचं होतं त्यांना! तिला भडभडून आलं.

"बरं चाललंय," ती सवयीने म्हणाली आणि डोळे पुसत उठू लागली.

बाबांनी चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं.

"पुढे... बोल."