अर्धा तर घ्या

दसरा झाला की नांदेडात सकाळची हवा जरा बरी होते आणि आमच्या बागेत योगाला गर्दी जमते. बाजारात कुलपांचं दुकान असलेले एक काकाही यंदा स्वतःला बदलायचं ठरवून आले. भेटेल त्याचा हात धरून चहाला ओढायची त्यांना भारी खोड. नको म्हटलं की म्हणणार, "अर्धा तर घ्या!" त्या अर्ध्यापायी माझी दोनदा गाडी चुकलीय.

पहिल्याच दिवशी योगाच्या मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा. विचार येतील, येऊ द्या. जातील, जाऊ द्या."

काकांनी एक डोळा उघडला. "चहा न पाजताच?"

आम्ही पोट धरून हसलो. काका मात्र गंभीर होते.

आठवडाभर आले, मग दोन दिवस गायब. तिसऱ्या दिवशी सतरंजी घेऊन हजर.

"कुठं होता, काका?"

"बिलोलीला. डोळे मिटले की धाकला भाऊच येऊन राहिला. कितीक वर्षं बोलणं न्हाई आमचं. म्हटलं, तो रोज येतो, आपण एकदा तरी जावं."

"मग, भाऊ बोलला का?"

"लई न्हाई." काका सतरंजी झटकत राहिले. "मी निघालो, तर म्हणला, 'अर्धा तर घे, दादा.'"