भ्यामॅडम आणि वरून तिसरी ओळ

"मला भ्या वाटतं हो," असं कारखान्यात कुणी उघड बोलत नसे. मॅडम मात्र ते भर मीटिंगमध्ये, मॅनेजरसाहेबांच्या तोंडावर बोलायच्या. त्या दौंड तालुक्यातल्या राहू गावच्या, कॉम्प्युटरचं शिकलेल्या; कारखान्यातले कॉम्प्युटर त्याच बघायच्या. एरवी नीट शाळेतलं मराठी बोलायच्या, पण घाबरल्या की गावचा शब्द ओठावर यायचा. आम्ही त्यांचं नाव ठेवलं भ्यामॅडम. ते त्यांच्या कानावर गेलं होतं. "बरोबरच हाय की," म्हणाल्या आणि हसल्या.

आमचा कारखाना कारेगावच्या पलीकडं. जाड पत्रा प्रेसखाली दाबून त्याचे भाग काढायचे. मी प्रेसवर होतो. प्रेस धाडकन खाली आली की मॅडम दर वेळी डोळे मिटायच्या. वरून क्रेन सरकायला लागली की भिंतीला चिकटून चालायच्या. गेटवरच्या कुत्र्याला तर सलाम ठोकूनच आत यायच्या, अशी आमच्यात चेष्टा होती.

प्रेसशेजारी स्टँडवर एक कॉम्प्युटर होता. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, कारण ते फुकट मिळतं हे मालकांना कुणीतरी सांगितलेलं. पडद्याच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं की मेनू उघडायचा. पहिली ओळ पत्त्यांच्या खेळाची, दुसरी कॅल्क्युलेटरची, तिसरी 'प्रेस रन', चौथी 'प्रेस टेस्ट'. सगळं इंग्रजीत. शेवटच्या दोन्हींवर चित्रही एकच. रन दाबलं की मशीन आधी जाळी बंद आहे का, माणसाचे हात बाहेर आहेत का, हे बघायचं आणि मगच चालायचं. टेस्ट दुरुस्तीवाल्यांसाठी होतं. ते काहीच बघत नसे. दाबलं की प्रेस खाली.

"साहेब, ते टेस्ट तिथून काढू द्या. मला भ्या वाटतं," मॅडम पहिल्या आठवड्यापासून सांगत होत्या. "दुरुस्तीवाल्यांना लागतं ते. लोकांना सांगा, वाचून दाबा," साहेबांचं ठरलेलं उत्तर.

मेनूतल्या प्रत्येक ओळीमागं मजकुराची एक छोटी फाईल असते, हे मला मॅडमनीच दाखवलं. ओळीचं नाव काय, चित्र कुठलं, दाबल्यावर कुठला प्रोग्रॅम चालवायचा, ते सगळं त्यात. ओळ दाखवू नको, असं तिथं लिहिलं की ती मेनूतून गायब. पण ती फाईल उघडण्याआधी त्या तिची नक्कल करून ठेवायच्या. "आधी नक्कल, मग अक्कल," हे त्यांचं ब्रीद. एकदा ओळींचा क्रम ठरवणाऱ्या फाईलमध्ये त्यांच्याकडून एक कंस बंद करायचा राहिला आणि सगळा मेनूच रिकामा झाला. लाईन उभी राहिली, सुपरवायझर ओरडायला लागला. मॅडमनी घाईनं नक्कल काढली. ती जागेवर ठेवली तेव्हा कुठं मेनू परत आला. त्यानंतर तर फाईल उघडताना त्या श्वाससुद्धा जपून घ्यायच्या.

मग एक दिवस साहेबांनी पहिल्या पाळीतल्या कुणालातरी पत्ते खेळताना पकडलं. "तो खेळ आजच्या आज काढा. दुसऱ्या कशाला हात लावू नका," असा हुकूम झाला. मॅडमनी पाळी बदलताना नक्कल केली, फाईलमध्ये एक ओळ लिहिली, खेळ गेला. मेनू दोनदा उघडून बघितला आणि त्या घरी निघाल्या. आम्ही दुसऱ्या पाळीचे लोक तेव्हा साचा बदलत होतो, कॉम्प्युटरकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. शिरूरला त्यांनी चौफुल्याकडं जाणारी एसटी धरली. शेजारी एक म्हातारी बसली होती. न्हावरं गाव मागं पडल्यावर म्हणाली, "पोरी, आता मोजायचं बरं का. मला हितनं तिसऱ्या थांब्याला उतरायचंय. पाटी वाचाया येत न्हाई, मी मोजूनच उतरते."

मॅडमना एकदम प्रेसवर पाहिलेलं मोजणं आठवलं. माझा जोडीदार रामसूरत उत्तर प्रदेशातला, त्याला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पडद्याच्या काचेवर बोट टेकवून तो म्हणायचा, एक, दो, तीन. तिसरं म्हणजे रन. पण वरचा खेळ गेला होता, सगळ्या ओळी एकेक वर सरकल्या होत्या. आता तिसरं म्हणजे टेस्ट.

"गाडी थांबवा!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की ड्रायव्हरनं जागच्या जागी ब्रेक मारला. समोर किराणा दुकानात नाणं टाकायचा पिवळा फोन टांगलेला होता. त्यांनी कारखान्याच्या गेटवर फोन लावला. वॉचमन तात्यांनी उचलला.

"तात्या, मेन स्विच पाडा! आत्ता!"

"आवं पण मॅडम, साहेबांना इचारल्याबिगर..."

"इचारू नका! माणसाचं हात जातील तात्या, पळा!"

इकडं साचा बसला होता, चहा झाला होता. मी पहिला पत्रा ठेवत होतो, दोन्ही हात कोपरापर्यंत प्रेसखाली. पत्रा बसवतानाच रन दाबायची आमची सवय होती, कारण हात बाहेर येईपर्यंत मशीन थांबतं हे आम्हाला ठाऊक होतं. "लगाओ," मी म्हणालो. मागून आवाज आला, "एक... दो..."

आणि अंधार. पंखे घरघरत थांबले. लाईट गेली म्हणून मी शिवी हासडणार तोच तात्या धापा टाकत आत आले. "हात काढ! आधी हात भाईर काढ रे!" कशासाठी ते कळेना, पण त्यांचा आवाज ऐकून मी हात ओढून घेतले. मागोमाग मॅडमचा निरोप त्यांनी सांगितला. रामसूरतनं काचेवरचं बोट चटकन मागं घेतलं. "तीन पे ही था भैया. बस दबाना बाकी था."

मला भीती लगेच नाही वाटली. थोड्या वेळानं तो अर्धवट बसलेला पत्रा प्रेसखाली तसाच दिसला, तेव्हा वाटली.

मॅडम दुधाच्या टेम्पोत बसून परत आल्या. थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "हात दाखवा." मी पुढं केले. त्यांनी ते उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले, आणि तोंडाला पदर लावून रडल्या.

मग त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. शब्द चुकायचा, खोडायच्या, परत लिहायच्या. नक्कल मात्र आधी केली. टेस्टची ओळ लपवली. रनचं नाव देवनागरीत 'चालू' केलं, त्यावर हिरवं चित्र लावलं. मग ती ओळ मुद्दाम तळाला नेली आणि रामसूरतला म्हणाल्या, "अब ढूँढो." त्यानं चित्र बघून बरोबर बोट ठेवलं. ओळ मध्ये नेली, पुन्हा विचारलं. त्याचं बोट चुकलं नाही, तेव्हाच त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मीही होतो. "त्या भय्यानं नीट वाचलं नाही, एवढंच वर सांगायचं," साहेब म्हणाले.

"न्हाई साहेब. ओळी मी हलवल्या. वापरणाऱ्याला विचारलं न्हाई, ती चूक माझी." मॅडमचा आवाज कापत होता, पण वाक्य त्यांनी पुरं केलं.

"एवढी भिणारी माणसं कारखान्यात चालत नाहीत," साहेब म्हणाले. महिनाअखेरीस मॅडमचं काम संपलं.

आज मी सुपरवायझर आहे. लाईनवर साधा बोर्ड जरी हलवायचा झाला तरी आधी तिथं काम करणाऱ्याला विचारतो. नवी पोरं हसतात. हसू देत.

मॅडम काम सोडून गेल्या त्या दिवशी कारेगाव फाट्यावर मी त्यांना सोडायला गेलो. माझी बायको भांडगावची, कधी कारखान्याकडं न फिरकलेली, तीही आली. आमची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. बायकोनं ती मॅडमच्या हातात दिली.

"अगं बाई, पडंल माझ्याकडनं!" मॅडम दचकल्या.

"न्हाई पडायची," बायको म्हणाली. "हिचा बाप रोज हिला दोन्ही हातांनी उचलतो, मॅडम. ते तुम्हाला दाखवायचं व्हतं."

मॅडमनी मुलीला छातीशी धरलं. तशाच त्या उभ्या राहिल्या. शिरूरची एसटी आली, कंडक्टर घाई करायला लागला. तेव्हा त्यांनी मुलगी बायकोकडं न देता माझ्याकडं दिली. माझे दोन्ही हात तिच्याखाली नीट बसले आहेत हे बघेपर्यंत त्यांनी आपले हात काढले नाहीत.