नायक शिंदे आणि शेवटचा खांब

जपानमधल्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी मी तिथे त्सुकुबाला होतो, मुलीकडे. मृणाल तिथे संशोधन करते. एका सकाळी टोकियोला निघालो, तर टोने नदीच्या पुलाअलीकडे गाडी थांबली. जमिनीला पुन्हा धक्का बसला होता. आम्ही पहिल्याच डब्यात, ड्रायव्हरच्या काचेमागे उभे होतो.

"बाबा, ही नदी म्हणजे दोन प्रांतांची सरहद्द. पूल तपासल्याशिवाय सोडणार नाहीत."

सरहद्दीवरची नदी आणि रेल्वेचा पूल मला नवे नव्हते. एकाहत्तरच्या लढाईत मी सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, लेफ्टनंट होतो. इंग्रजांनी बांधलेला असाच एक पूल माझ्या प्लॅटूनकडे होता. फाळणीनंतर सरहद्द त्याच्या दारात आली. शत्रू पोहोचलाच तर पूल उडवायचा, म्हणून आम्ही खांबाखांबाला स्फोटकांचे चार्जेस बांधले होते. आपली गाडी येणार असली की आधी सगळे डिटोनेटर काढायचे.

साताऱ्याचा नायक शिंदे प्रत्येक खांबाकडे बोट दाखवून मोठ्याने "सेफ" म्हणायचा.

"शिंदे, खांब उत्तर देतो का रे?" मी चिडवायचो.

"डोळं फसवत्यात, साहेब. तोंडानं म्हणलं की मन थाऱ्यावर ऱ्हातं."

त्या दुपारी पलीकडच्या काठावरून जखमींची गाडी निघाली आणि शेलिंग सुरू झालं. हवालदाराने रिपोर्ट दिला, "सब सेफ, साहब." शिंदे तरीही पुलावर चढला.

"शिंदे, परत ये."

"एकदा म्हणून येतो, साहेब."

सेफ. सेफ. आवाज लांब जात राहिला. शेवटच्या खांबापाशी तो गप्प झाला, खाली उतरला. एक डिटोनेटर राहिला होता. त्याने तो काढून नदीत फेकला, हात वर केला आणि म्हणाला, "सेफ." पुढचा शेल तिथेच पडला. पूल टिकला. गाडी पुलावरून सुखरूप अलीकडे आली.

इकडे टोनेवर हेल्मेट घातलेली माणसं रुळांवरून चालत होती. एकेका जोडाकडे बोट, आणि खणखणीत आवाज: "योशी!"

"योशी म्हणजे ठीक आहे," मृणाल म्हणाली. "इथे रेल्वेत सगळे असंच करतात."

सगळे! आमच्या प्लॅटूनमध्ये हे करणारा एकच होता, आणि आम्ही त्याला हसायचो. डब्यात कोणी कुरकुर करत नव्हतं.

ड्रायव्हरने पांढरा हातमोजा घातलेलं बोट सिग्नलकडे रोखलं, एकटाच काहीतरी म्हणाला, आणि गाडी हळूहळू पुलावर आली. शेवटचा खांब येईपर्यंत मी सावधान उभा होतो.

"सेफ," मी म्हणालो.

"कोणाला म्हणालात, बाबा?"

"शिंदेला. तुझ्यापेक्षा लहान होता गं."