चाकांवरचे माहेर

नागाबाईचे घर चाकांवर आहे, हे मी प्रारंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही. लातूरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याने भंगारात काढलेली ती मिनीबस आहे. नागाबाईचे यजमान मन्मथ हे त्याच बसचे चालक होते. बस निवृत्त झाली त्या सुमारास तेही निवृत्त झाले आणि मालकाकडून त्यांनी ती मागून घेतली. मागच्या भागात त्यांनी तूर भरडण्याची लहान गिरणी बसवली. पुढच्या भागात लोखंडी पलंग, गॅसची शेगडी आणि भांड्यांची मांडणी आहे. चालकाच्या जागेच्या वर चिमुकले देवघर आहे.

तुरीच्या राशी झाल्या की हे जोडपे रेणापूर आणि शिरूर अनंतपाळकडच्या गावांतून फिरते. टपावरच्या कर्ण्यातून नागाबाईचा आवाज येतो, "डाळ करून घ्याऽऽ, तुरीची डाळ!" आणि बायका तूर घेऊन बाहेर येतात. पावसाळ्यात हे काम नसते. तेव्हा बस रेणापूरजवळ माझ्या शेताच्या बांधाला लिंबाखाली उभी असते. मी किशनराव, त्या बांधाचा मालक. मला अक्षरे उतारवयात आली. म्हणून जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले, तेवढेच लिहितो.

नागाबाईची एकुलती लेक शिल्पा नांदेड जिल्ह्यात देगलूरला दिलेली आहे. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी करायचे ही आमच्याकडची रीत आहे. प्रसूती दवाखान्यात होणार, हे ठरलेले होते. प्रश्न त्यानंतरच्या सव्वा महिन्याचा होता. शिल्पाने फोनवर आईला सांगितले, "मला आपल्या गाडीतच यायचंय." नागाबाईने त्याच दिवशी पलंगाच्या पट्ट्या आवळून घेतल्या आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला काढली.

परंतु बस गळत होती, आणि तीही नेमकी पलंगावर.

नागाबाईचे बालपण माळवदाच्या घरात गेले. माळवद म्हणजे लाकडावर मातीचे सपाट छत. ते गळू लागले की पाणी जेथे टपकते त्याच्याच वर खारी माती टाकावी आणि चोपणीने चोपावी. माहेरचे माळवद तिने लहानपणापासून असेच कोरडे राखले होते. म्हणून ती शिडी लावून टपावर चढली आणि पलंगाच्या बरोबर वर डांबराचा कागद चिकटवला. तरीही गळले. मग तिने माझ्याच पांढरीतून, म्हणजे पांढऱ्या मातीच्या तुकड्यातून, टोपलीभर खारी माती नेली आणि कागदावर थापून चोपली.

खालून मन्मथ म्हणाले, "अगं, मोटारीवर माती घालायलीस? उद्या तिच्यावर मेथी पेरशील."

"पेरीन. तुमाला भाजी तरी मिळंल."

मातीने पाणी अडले आणि टपावर डबके साचले. पलंगावरचे पाणी वाढले. नागाबाईने आणखी माती घातली. मी स्वतः तिला टोपली वर देत होतो, कारण माझे घरही माळवदाचेच आहे आणि मलाही दुसरा उपाय ठाऊक नव्हता.

अशा स्थितीत श्रावणात शिल्पाची सासू गौरम्मा देगलूरहून आली. तिचा स्वभाव कडक, परंतु सुनेवर माया खरी. बसपर्यंतच्या वाटेवर चिखल होता. विहीणबाईंच्या पायाला चिखल लागू नये म्हणून मन्मथांनी बस पुढे घेऊन मुरमाच्या टणक जागेवर उभी केली. गौरम्मा आत आली आणि चालकाच्या आसनामागच्या बाकावर बसली. नागाबाईने चहा ठेवला. तेवढ्यात जोराची सर आली.

पाणी गौरम्माच्या खांद्यावर पडले.

"अय्योऽ!" ती उठून उभी राहिली. "नागाबाई, हे माहेर हाय का न्हाणीघर? बाळंतिणीला हितं निजवणार व्हय? लेकराच्या टाळूवर तेलाच्या आधी पाणी पडंल की!"

मन्मथांची मान खाली गेली. मी दारात उभा होतो. मलाही कोठे पाहावे ते कळेना. नागाबाई मात्र विहिणीकडे पाहतच नव्हती. तिने पलंगावर हात फिरवला, उशी चाचपली आणि एकाएकी मोठ्याने हसू लागली.

"हसायलीस?" गौरम्मा म्हणाली.

"विहीणबाई, रागावू नका. बसा, न्हाई, तितं बसू नका, हितं पलंगावर बसा. बगा, पलंग कोरडा हाय!"

"मग?"

"मग काय! तीच गाडी, तोच पाऊस. गाडी हलली आन् पाणी बी हललं. भोक पलंगावर न्हाईच. पाणी शिरतंय दुसरीकडं, आतल्या पत्र्यावरनं चालत येतंय आन् उतार असंल तितं पडतंय. म्या आपली माती घालत बसले!"

बसच्या छताला दोन पत्रे असतात, एक बाहेरचा आणि एक आतला, आणि त्यांच्यामध्ये पोकळी असते, हे मन्मथांना चालक म्हणून माहीत होते. परंतु त्यांनीही आजवर तसा विचार केला नव्हता. माळवद कधी जागा सोडत नाही. म्हणून आम्हा कोणालाच हे सुचले नाही.

गौरम्माला त्या पोकळीशी कर्तव्य नव्हते. निघताना ती म्हणाली, "महालक्ष्म्या झाल्या की म्या परत येते. तवा कोरडं दिसलं तर सून धाडते. न्हाईतर बाळंतपण देगलूरला. मग रडायचं न्हाई."

"न्हाई रडत," नागाबाई म्हणाली. विहीण गेल्यावर मात्र ती पदराने डोळे पुसत टपावर चढली आणि खुरप्याने सगळी माती खाली ओढली.

आता भोक शोधायचे कसे? टप स्वच्छ धुतला, तरी डोळ्यांना काही दिसेना. शेवटी मन्मथ म्हणाले, "सायकलच्या ट्यूबचं पंक्चर कसं काढत्यात? हवा भरायची, पाण्यात बुडवायची, बुडबुडा आला की तितं बोट ठिवायचं."

"एवढी मोटार बुडवायला किशनदादाची हीर पुरंल का?"

"बुडवायची कामून? फेस वर लावू. पर एवढी हवा कुठून आणावी?"

 नागाबाईने मागच्या भागातल्या गिरणीकडे नुसती मान वळवली. भरडलेल्या डाळीतली फोलपटे उडवण्यासाठी गिरणीला मोठा पंखा आहे. त्याचे वारे अंगावर घेतले तर डोक्यावरची टोपी राहत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन होते. मन्मथांनी पंखा सोडवून मागच्या दारात उभा केला, त्याचे तोंड बसच्या आत केले आणि भोवतालची जागा ताडपत्रीने बंद केली. खिडक्यांच्या फटींत आम्ही ओली पोती कोंबली. माझ्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवरून वीज घेतली. पंखा सुरू होताच बस पोट भरल्यासारखी ताणली गेली आणि आतले सगळे पत्रे गुणगुणू लागले. नागाबाई बादलीत साबणाचा फेस करून टपावर गेली आणि सारवण घालावे तशी फडक्याने पुढून मागे फेस लावत निघाली.

पलंगाच्या वर काही नाही. देवघराच्या वर काही नाही. अगदी मागे, कर्णा जेथे बसवला होता, तेथे फेसाचा एक फुगा आला, फुटला, आणि पुन्हा आला.

"घावलं!" ती ओरडली. "अहो, वर या! तुमचा कर्णा!"

मन्मथ वर गेले. कर्ण्याच्या पायातला एक नट ढिला होता आणि त्याच्या भोवतीचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. कर्णा त्यांनीच बसवला होता.

"कर्णा माझा असंल," ते म्हणाले, "पर आरडतीस तू. तुझ्या आरडण्यानंच पत्रा फाटला."

"मग तुमी आरडा उद्यापासून. तूर घेऊन कोण येतंय बगू."

डागडुजी मन्मथांनी केली. तथापि कोठलीही घाई नागाबाईने त्यांना करू दिली नाही. कर्णा उतरवला. गंज तारेच्या ब्रशने खरवडून पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासला. त्यावर नवा पत्रा रिबिटांनी बसवला, कडेने सिलिकॉन भरले आणि ते वाळेपर्यंत कोणाला टपाला हात लावू दिला नाही. कर्णा आता पुढच्या बंपरवर बसला. "टपावर आता कावळ्यानं बी बसायचं न्हाई," असे नागाबाईने जाहीर केले.

महालक्ष्म्या झाल्या आणि गौरम्मा आली. त्या दिवशी आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. नागाबाईचा चेहरा उतरला. कोरड्या दिवशी कोरडी बस दाखवण्यात काय अर्थ? तेव्हा मी विहिरीची मोटार चालू केली आणि मन्मथांनी पाइप टपावर धरला. गौरम्मा छत्री घेऊनच आत शिरली, पलंगावर बसली आणि बसच्या आत छत्री उघडली.

"सोडा पाणी," ती म्हणाली.

पाणी टपावर आदळू लागले. खिडक्यांवरून पडद्यासारखे ओघळू लागले. नागाबाई उभी होती, विहिणीकडे न पाहता छताकडे पाहत. मन्मथांनी पाइप पुढे नेला, मागे नेला, कर्ण्याच्या जुन्या जागेवर बराच वेळ धरला. त्यानंतर बस मातीच्या उतारावर नेऊन पुन्हा पाणी सोडले, कारण आता आम्हाला शहाणपण आले होते.

गौरम्माने छत्री थोडी कलती केली आणि तळहात वर धरला. काही पडले नाही. तिने गोधडी दाबून पाहिली, उशी उलटी केली. मग छत्री मिटली आणि छताच्या कडीला अडकवली.

"पाळणा हितं न्हाई, तिकडं बांधा," ती म्हणाली. "दाराचं वारं लागतंय."

 नागाबाईने शेगडी पेटवली आणि चहात साखर दोनदा घातली. गौरम्मा तो चहा सगळा प्याली.

शिल्पा नवरात्रात आली, कुशीत मुलगी घेऊन. परतीचा पाऊस यंदा चांगलाच झाला. एका दुपारी मी बसच्या दारात थांबलो तर टपावर सरी वाजत होत्या, नागाबाई नातीच्या अंगाला तेल चोळत होती आणि शिल्पा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. मुलीचे नाव रुद्राणी ठेवले. बारशाला गौरम्मा आली.

तिची छत्री अजून त्याच कडीला लटकलेली आहे. नागाबाईने ती दोनदा काढून तिच्या हातात दिली आणि दोनदा गौरम्माने ती परत अडकवली. बारशाच्या दिवशी पाऊस होता, तरी देगलूरहून ती छत्रीशिवाय आली होती. एस.टी.तून उतरून पदर डोक्यावर घेऊन भिजत चालत आली, आणि बसमध्ये शिरल्यावरच तिने केस पुसले.