मालाची खोड आणि आमचे मामेसासरे

आमच्या मामेसासऱ्यांशिवाय कोल्हापुरातला एकही पंप फिरला नसता, असं माझं ठाम मत आहे. नव्वदच्या दशकात पंपाचं एक कवच करायला आम्ही चार कारखानदार लागायचो. एकजण लाकडी साचा करी, शिरोलीचा फौंड्रीवाला ओतकाम करी, उद्यमनगरात मी ते लेथवर कातून देई आणि चौथा रंग लावून पाठवी. माल कुठं अडलाय हे आम्हा चौघांना कधीच ठाऊक नसे, मामांना असे. चौघांच्या मालावर लक्ष ठेवायचं हे काम त्यांना कुणी दिलं होतं, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचा नियम एकच. माल पुढे गेला की देणाऱ्यानं सोबत जायचं आणि त्यातली खोड स्वतःच्या तोंडानं सांगायची. एकदा फौंड्रीवाला न्हाव्यापुढे बसला होता. ओतलेले दोन नग लेथवर कातता येणार नाहीत इतके कडक झालेत हे कळताच मामांनी त्याला अर्ध्या दाढीनिशी स्कूटरवर घातलं आणि माझ्या दारात आणून उभं केलं. मी चिडलो, तो माझ्याहून चिडला, मग मिसळ आली आणि तासभर एकमेकांच्या घरच्या कटकटी ऐकण्यात गेला. कामाचा खोळंबा झाला तो झालाच.

दोन हजारनंतर मीच पुढाकार घेऊन चौघांचे संगणक जोडले. बटण दाबलं की माल पुढच्याच्या पडद्यावर हजर. मामांनी पडदा न्याहाळला आणि खोड कुठं लिहायची ते विचारलं. मी ‘शेरा’ हा रकाना दाखवला.

"वाचतंय कोण?" मामा म्हणाले.

आम्ही हसलो. महिन्याभरात ते नेसरीला शेतावर राहायला गेले. थांबा, असं मी म्हणालो नाही, याचं अजून वाईट वाटतं.

माल वेळेत जाऊ लागला, हे खरं. पण चार वर्षांनी एक अख्खी खेप परत आली. नगांत बारीक भोकं होती. फौंड्रीवाल्यानं तसा शेरा लिहिला होता, मी वाचला नव्हता. तडक नेसरी गाठली आणि मामांना म्हणालो, परत चला.

"यीन की. पर आधी सांगा, फौंड्रीवाल्याची आई कशी हाय?"

रोज त्याचा माल माझ्या दारात उतरत होता, पण त्याच्या घरची पायरी मी चार वर्षांत चढलो नव्हतो.

"बरी आहे," मी म्हणालो.

"गेली की ती, जावईबापू. दोन दिवाळ्या झाल्या. मातीला गेलतो मी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मामा कोल्हापुरात असते, तर त्या दिवशी त्यांनी मलाही नेलं असतं.