टाकीमागचा गुलाब

चूक अण्णांची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी 'मोठ्यांचा हेतू चांगलाच असतो रे' हे ऐकवायला कुणी यायला नको. अण्णा माझे चुलते, होटगी रोडला त्यांची नर्सरी आहे. नर्सरीत किस्से फुटक्या कुंड्यांसारखे साठतात. कामाचे नसतात, पण टाकवतही नाहीत. हे सगळे थंडी सरतानाचे. गुलाब छाटायच्या आणि कलमं बांधायच्या दिवसांतले.

आधी आमचा सौदा सांगतो. मी कृषी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. अण्णा म्हणाले, "कागदावर कधी फांदी फुटती का? सोड ते, हितं ये."

पाण्याच्या टाकीमागे एक जुना, काळपट लाल गुलाब होता. वास असा की गिऱ्हाईक मोबाईलवर बोलता बोलता थांबायचं. नाव कुणालाच माहीत नव्हतं आणि दुसऱ्या कुठल्या नर्सरीत तो मी कधी पाहिला नाही. अण्णांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, "ह्याची दोनशे रोपं करून दाखव. मागची शेड तुझी. तुझा धंदा, तुझा बोर्ड!"

मी कॉलेज सोडलं.

*

पहिल्याच आठवड्यात एक रिटायर्ड हेडमास्तर कुंडी घेऊन आले. रोप पुरुषभर उंच, हिरवंगार, पण दोन वर्षांत फूल नाही.

नर्सरीतला गुलाब म्हणजे दोन झाडं. खाली रानगुलाबाचा खुंट आणि त्यावर बसवलेला चांगला गुलाब. खुंटातून रानटी फूट येते, ती काढत राहायची. मास्तरांनी उलटं केलं होतं. रानटी फूट जोमदार दिसली म्हणून ती ठेवली आणि चांगला गुलाब किरकोळ दिसला म्हणून छाटून टाकला!

आमचा जुना माळी शरणप्पा, अक्कलकोटकडचा. त्यानं कुंडी फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाला, "सर, तुमी पास झालेल्याला घरी पाठवलं आणि नापासाला वरच्या वर्गात बसवलं की!"

मास्तरसुद्धा हसले. अण्णा मात्र माझ्याकडे बघून हसत होते.

*

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार आले. गेटच्या दोन्ही बाजूंना गुलाब लावायचे होते. खिशातून गुलाबी टॉवेलचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला.

"ह्या शेडमध्ये पाहिजे. आणि अण्णा, धुतल्यावर कलर जायला नको!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "गॅरंटी!"

चार महिन्यांनी त्या झाडांना पांढरी फुलं आली. कारखानदार तावातावानं आले, तर अण्णांनी विचारलं, "पाणी बोअरचं घातलं का?" ते म्हणाले, "व्हय." अण्णा म्हणाले, "मग!"

एवढ्या एका शब्दावर तो माणूस परत गेला. मला तेव्हा अण्णांचा अभिमान वाटला होता. आता त्या अभिमानाची लाज वाटते.

*

रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला कोंब, आत बसवायचा आणि पट्टी बांधायची. ह्याला डोळा भरणं म्हणतात. उन्हं तापायच्या आत हे उरकावं लागतं. नर्सरीतलं पहिलं वर्ष शिकण्यातच गेलं, दुसऱ्या वर्षी माझा हात बसला होता. शरणप्पानं मला आणि अण्णांना शंभर शंभर खुंट वाटून पैज लावली.

तीन आठवड्यांनी मोजले. माझे एक्याऐंशी जगले होते, अण्णांचे अठ्ठावन्न.

अण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "माझे अठ्ठावन्न अनुभवाचे हायत. तुझे एक्याऐंशी नशिबाचे!"

त्या दिवसापासून ते मला 'सायंटिस्ट' म्हणायला लागले. कौतुकानं म्हणत असतील असं मला बरेच दिवस वाटत होतं. मूर्ख होतो.

*

कॉलेजातल्या एका सरांनी माझा नाद सोडला नव्हता. एकदा माझे हात मातीत असताना त्यांचा फोन आला, तर अण्णांनीच उचलून स्पीकरवर टाकला. सर म्हणाले, परीक्षेचा फॉर्म अजून भरता येईल, त्याला आजच्या आज पाठवा.

अण्णा म्हणाले, "सर, पोरगं कामात हाय. तुमाला गुलाब पाहिजे असला तर बोला, दहा टक्के कमी करतो!"

सगळे हसले. मीही हसलो. हात धुऊन गाडीला किक मारली असती तरी वेळेत पोचलो असतो. धुतले नाहीत. टाकीमागच्या गुलाबाच्या फांद्या तेव्हा नुकत्या पेन्सिलीएवढ्या झाल्या होत्या, डोळे काढायला अगदी तयार. माझं सगळं लक्ष तिकडं होतं.

*

आता शेवटचा.

काही मरणार हे धरून अडीचशे खुंट आणायला मी दोन दिवस वैरागला गेलो. निघताना अण्णांना म्हणालो, "टाकीमागच्या झाडाला हात लावू नका. परवा आल्यावर डोळे काढणार हाय." ते म्हणाले, "आता तू मला शिकव!" त्यातून मला 'हो' ऐकू आलं. एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर न्यायला हवी होती. तेवढी चूक माझी.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत खुंट घेऊन पोचलो. धुळवड होती. टाकीमागे जमिनीलगत कोयत्यानं तासलेलं एक खोड होतं. वर काही नाही.

अण्णा रंगानं माखून खुर्चीत बसले होते, खुशीत.

"आलास? गल्लीतली पोरं लाकडं मागायला आलती. दरसाल आपल्याच छाटणीची होळी होती की! औंदा छाटणी कमी पडली. ते झाड बी लई रान माजल्यागत झालतं. म्हटलं, तेवढंच तुझं काम हलकं होईल."

मी विचारलं, "आणि फांद्या?"

"होळी बघायला पाहिजे होतीस रे सायंटिस्ट! लाकडं ओली होती, तरी काय पेटली!"

मी टेम्पोकडं बोट दाखवलं. "ह्या अडीचशे खुंटांवर आता काय भरू? शेडचं काय?"

अण्णांनी गालावरचा रंग पुसला. "शब्द म्हणजे शब्द. दोनशे रोपं दाखव, शेड घे."

ते खोड पुन्हा फुटलं नाही. माझा डिप्लोमा गेला, शेड गेली, दोन वर्षं गेली.